माणसाची नळी

—नाय नाय, पट्टा बांधा तुम्ही, सोनियाताई, पण सुई जरा थांबवा. मॅडम जेवून येईस्तोवर वेळ हाय. ती मागच्या महिन्यातली माणसाची नळी—व्हय, तीच, जिच्यावरून मॅडम उखडल्या, पुंजाराम, बावीस वर्षं प्रयोगशाळेत काढली अन् अजून चिठ्ठ्या अदलाबदल करतोस—मी मान खाली घातली, म्हणलं चुकलं. चुकलं नव्हतं. गाय, शेळी, वटवाघूळ, सगळ्या नळ्या बराबर होत्या. माणसाचं रक्त आलं नव्हतं, म्हणून मी माझंच दिलं होतं.

मॅडम सगळ्या जनावरांत जो जीन ताडून बघतात, तो काय करतो? पेशी एकीच्या दोन होताना आतल्या धाग्याचं टोक दर वेळी जरासं उसवतं, अन् गोधडीच्या काठाला घालावी तशी पुन्हा टीप घालायला हा लागतो, नायतर पेशी लवकर म्हातारी होती. जनावरागणिक तो लई बदललाय, पण एक तुकडा सगळ्यांत तोच, करोडो वर्षं तोच—अन् माझ्यात नेमकं तिथंच एक अक्षर निराळं. मॅडम हसत म्हणल्या, तिथं ज्यांचं बदललं ते टिकलेच नसतील. त्यांना काय माहीत. मी मागं काचा धूत होतो.

म्हणून म्हणतो, मॅडमनी माणसाची नळी पुन्हा मागितलीय, तर आता तुमचंच रक्त घाला. नळीवर 'माणूस' एवढंच लिहायचंय, कुणाचं काय जातंय? माझं काय, मी पन्नाशी गाठली. बाप छातीनं गेला, आम्ही म्हणायचो बिडीनं. भाऊ कचरूचं डोकं पंचविशीत पांढरंफटक, अडतिसाव्या वर्षी दम लागून गेला—त्यानं बिडीला हात लावला नव्हता. मी औरंगपुऱ्यातून रंग आणून डोकं काळं करतो, ते काय शौकानं व्हय? भ्या वाटतं मला.

अन् अमृता—नाय, पोरीचं काय मधेच. एकोणीसची हाय. कानामागं पांढरी बट दिसली तर म्हणती, पप्पा, फॅशन हाय. परवा क्रांती चौकात क्लासच्या जिन्यावर तिसऱ्या पायरीलाच बसली. कचरू असाच बसायचा. डॉक्टर दोन महिने झाले लोहाच्या गोळ्या देतोय, रक्त काय चढंना. त्यानं विचारलं होतं, घरात कुणाला काय होतं का? मी म्हणलं, कुणालाच नाय. मीच म्हणलं. पोरगी शेजारीच बसलेली, तिनंबी मान हलवली, बाप सांगतोय म्हणून.

असं बघू नका माझ्याकडं.

खोचा सुई. माझंच घ्या. दोन नळ्या भरा, एक तिच्या डॉक्टरला नेतो. अन् 'माणूस' नका लिहू—पुंजाराम लिहा. आता काय बोलू नका, ताई. घ्या.