हणमंतरावांच्या दोन साखळ्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचे आधारस्तंभ माननीय एकनाथराव कंधारकर. बंदराच्या शहरातून, तिथल्या महापालिकेतर्फे मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे माननीय सुधीर उमरीकर साहेब. सत्कारमूर्ती हणमंतराव सर. व्यासपीठावर बसायला कशाबशा तयार झालेल्या सौ. सावित्रीबाई, दुसऱ्या रांगेत बसलेले, सिकंदराबादहून आलेले लष्करी जमीन कार्यालयाचे दोन अधिकारी, शेवटच्या रांगेत दाराजवळ बसलेले अप्पाराव, आणि रविवारची दुपार सोडून विद्यानगरच्या या सभागृहात जमलेल्या सर्व मराठी बंधुभगिनींनो,

मी प्रियदर्शिनी. स्थापत्य अभियंता. हणमंतराव सर ज्या मोजणी कंपनीतून परवा निवृत्त झाले, तिथे तीन वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर काम करते. मला दहा मिनिटं दिली आहेत. मी घड्याळ समोर ठेवलं आहे. भाषणाची सवय नाही, म्हणून लिहून आणलं आहे.

हणमंतरावांबद्दल चांगलं बोलणं सोपं आहे. चाळीस वर्षं त्यांनी जमीन मोजली. आधी सरकारी खात्यात, आणि देशात बाजार खुला झाल्यावर खासगी कंपन्यांना मोजणीची कामं मिळू लागली, तेव्हापासून आमच्याकडे. त्यांची एक सवय इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. मघाशी सावित्रीबाई मला सांगत होत्या, "घरात मी 'दोन पोळ्या' म्हटलं की हे आधी 'दोन पोळ्या' म्हणतात, मगच पाटावर बसतात. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, माणूस बहिरा आहे."

बहिरे नाहीत. याला मोजणीत पुकारा म्हणतात. साखळी धरणारा माणूस, म्हणजे चेनमन, तिकडून आकडा ओरडतो. इकडे वहीवर बसलेला तो आकडा मोठ्याने परत म्हणतो. चेनमन 'हौ', म्हणजे हो, म्हणाला, की मगच आकडा वहीत जातो. परत न म्हटलेला आकडा लिहायचा नाही. हणमंतराव आणि अप्पाराव यांनी तीस वर्षं असंच काम केलं. अप्पाराव तेलुगूत ओरडायचे, हणमंतराव मराठीत परत म्हणायचे, आणि आकडा कधी चुकला नाही.

मी आले ती यंत्र घेऊन. यंत्र प्रकाशाच्या किरणाने अंतर मोजतं, आकडा स्वतःच साठवतं, तिथून तो संगणकात जातो. कुणी ओरडत नाही. हणमंतराव यंत्राभोवती एक फेरी मारून म्हणाले, "पोरी, तुझ्या पेटीला डोळा चांगला आहे. तोंड कुठाय?" सगळे हसले. मीही हसले.

आता उमरीकर साहेबांच्या कामाबद्दल थोडं बोलते, कारण हणमंतरावांचं शेवटचं मोठं काम तेच होतं. साहेबांच्या शहराचा समुद्रकिनारा शंभर वर्षं तारांच्या कुंपणामागे होता. तिथे जुना तोफांचा बुरूज आहे, सैनिकांच्या बराकी आहेत, खलाशांना इशारा देणारा झेंड्याचा खांब आहे, आणि दुसऱ्या महायुद्धातले दारूगोळ्याचे खड्डे. लष्कराला ही जागा आता नको आहे. शहराला हवी आहे. बुरुजात संग्रहालय, किनाऱ्याने फिरायचा रस्ता, आणि खर्च निघावा म्हणून एका खासगी कंपनीचं हॉटेल. या जागेसाठी साहेब सहा वर्षं दिल्लीच्या चकरा मारत आहेत. लोकांना त्यांचा समुद्र परत मिळावा, यात चूक काय आहे? काहीच नाही. हे मी मनापासून म्हणते.

हस्तांतरणाचा नकाशा आमच्या कंपनीने केला. नकाशावर सही माझी आहे.

लष्कराच्या जुन्या नकाशात खड्डे सात आहेत. युद्ध संपल्यावर ते झाकले गेले. जमिनीवर सहा उंचवटे दिसत होते, ते आम्ही यंत्राने थेट मोजले. मग लष्कराचं पथक आलं आणि एकेक खड्डा उघडला. तीन रिकामे होते. दोनांत वाळू होती. चौथ्या क्रमांकाच्या खड्ड्यात एकेचाळीस तोफगोळे होते.

चौथा उघडला तेव्हा आम्ही वाळूच्या पोत्यांमागे होतो. मी, हणमंतराव, अप्पाराव. एक जवान पहिला गोळा घेऊन वर आला. काठोकाठ दुधाचं पातेलं चुलीवरून उतरवावं, तसं त्याचं चालणं होतं. पथकाचा सुभेदार आम्हाला म्हणाला होता की पन्नास वर्षांत हे निवत नाहीत, उलट चिडके होतात. एकेचाळीस गोळ्यांना साडेचार तास लागले. तेवढ्या वेळात हणमंतराव एकच वाक्य बोलले. "सातवा कुठाय?"

सातवा शोधणं माझं काम होतं. त्याचा उंचवटा राहिलेला नव्हता. जुन्या नकाशावर त्याची जागा लिहिली आहे: झेंड्याच्या खांबापासून भिंतीच्या कडेने दक्षिणेला नऊ साखळ्या. मोजणीची साखळी सहासष्ट फुटांची, हे आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. नऊ गुणिले सहासष्ट, पाचशे चौऱ्याण्णव फूट. मी आकडा संगणकात घातला. अप्पाराव मागे उभे होते. म्हणाले, "अम्मा, आकडा बोलके लिखो. चुप लिखे तो बला होती." ऑफिसात माझ्या वयाची सहा मुलं बसलेली. संगणकासमोर ओरडायची मला लाज वाटली. मी गप्प लिहिलं.

पाचशे चौऱ्याण्णव फुटांवर आम्ही सहा फूट खणलं. वाळू. मी लिहिलं, 'सातवा खड्डा जागेवर आढळला नाही.' खाली सही केली. लष्कराने ते मान्य केलं, जागा निर्धोक असल्याचा दाखला झाला, सगळ्यांनी पेढे खाल्ले.

सभागृहात मोजणीशी संबंध नसलेले बरेच जण आहेत, म्हणून सावकाश सांगते.

पंधरा दिवसांपूर्वी हणमंतराव निवृत्तीच्या तयारीत आपलं सामान कोठीत जमा करत होते. व्हरांड्यात त्यांनी दोन जुन्या साखळ्या पुसायला पसरल्या होत्या. एक व्हरांड्यात मावली. दुसरी जिन्यावरून खाली अंगणात गेली. मी विचारलं, "सर, ही एवढी लांब का?"

"ती लष्कराची. शंभर फुटी. पलटणीतले लोक तीच वापरायचे. आपली सहासष्टची."

माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं असेल, माहीत नाही. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. म्हणाले, "सातवा?"

मी म्हटलं, "हो."

"किती साखळ्या होत्या?"

"नऊ."

ते पायरीवर बसले. साखळीचे पितळी बिल्ले हाताने चाचपत राहिले. मग म्हणाले, "नऊ साखळ्या असं तू नुसतं ओरडली असतीस, तर शेजारच्या टेबलावरून मी विचारलं असतं, कुठली साखळी?" एवढंच. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी तेच केलं जे आधी करायला हवं होतं. सापडलेल्या सहा खड्ड्यांची अंतरं जुन्या नकाशाशी ताडून पाहिली. सहाही शंभर फुटी साखळीने बसतात. तपासायला पाच मिनिटं लागली. आठ महिन्यांपूर्वीही पाचच लागली असती.

म्हणजे सातवा खड्डा आम्ही खणलं तिथून तीनशे सहा फूट पुढे आहे. तिथलं कुंपण केव्हाच मोडलं आहे, आणि त्या जागी कोळीवाड्यातले लोक जाळी वाळवतात. संध्याकाळी तिथे मुलं क्रिकेट खेळतात. मोजणीच्या दिवसांत त्यांचा चेंडू दोनदा माझ्या यंत्रावर आदळला होता आणि मी त्यांना रागावले होते. खड्ड्यात काही असेलच असं मी म्हणत नाही. तो वाळूने भरलेला असू शकतो. चौथ्यासारखाही असू शकतो. मला माहीत नाही, आणि भीती त्याचीच आहे. हॉटेलचा पहिला खांब ठोकायचं यंत्र गुरुवारी बरोबर त्या मैदानावर उभं राहणार आहे. ते यंत्र चालू असताना शंभर फुटांवर उभं राहिलं तरी दात हलतात.

आणि हस्तांतरणाच्या करारावर सह्या परवा, मंगळवारी, सिकंदराबादला आहेत. करारात एक ओळ आहे: शहर ही जागा आहे त्या स्थितीत स्वीकारत आहे. मंगळवारच्या आत सातवा खड्डा नकाशावर आला, तर तो उघडायची जबाबदारी लष्कराची. मंगळवारनंतर कुणाचीच नाही.

हे काम आम्हाला महापालिकेने दिलेलं, म्हणून मी महापालिकेला पत्र लिहिलं. पोच माझ्याकडे आहे. चार दिवसांनी उमरीकर साहेबांचा फोन आला. साहेब, मी आपलं बोलणं जसंच्या तसं सांगते, चुकलं तर इथेच दुरुस्त करा. आपण म्हणालात, "मॅडम, आता नकाशा बदलला तर फाईल परत दिल्लीला जाईल. सहा वर्षं मी काय केलं मग? आणि सातवा नाही, हे तुमच्याच सहीने लिहिलंय ना?"

बरोबर आहे. माझ्याच सहीने लिहिलं आहे. साहेब वाईट माणूस नाहीत. आठ महिने मलाही ती सही खरी वाटत होती, आणि मी रात्री नीट झोपत होते. आमच्या कंपनीत मला सांगितलं गेलं की दुरुस्ती पुढे कधीतरी करू. उद्या मी कामावर असेन की नाही, मला सांगता येत नाही. घरी अजून बोलले नाही.

आता या समारंभाबद्दल. हणमंतरावांना हार-तुरे आवडत नाहीत. त्यांनी स्वतःच्या साठीचा नारळही घेतला नव्हता, हे एकनाथरावांना आठवत असेल. मग आठवड्यापूर्वी तेच मंडळात येऊन "माझा निरोप समारंभ करा, आणि याच रविवारी करा" असं का म्हणाले? पाहुण्यांची यादी त्यांनी आपल्या हाताने लिहून का दिली? मी विचारलं तेव्हा मला म्हणाले, "पत्राला पोच मिळते. पुकारा माणसांसमोर होतो. मी सगळ्यांना एका खोलीत बसवतो. आकडा तू ओरड."

सर, मला ओरडता येत नाही. सभागृहाचं ध्वनियंत्र चांगलं आहे, तेवढ्यावर भागवून घ्या.

खड्डा क्रमांक सात. झेंड्याच्या खांबापासून, भिंतीच्या कडेने, दक्षिणेला. नऊशे फूट.

धन्यवाद, अप्पाराव. तोम्मिदि वंदल अडुगुलु. तेलुगूतही नऊशेच होतात.

धन्यवाद, सर. आपला आवाज मला नेहमीच ऐकू येतो.

दुसऱ्या रांगेत लष्करी जमीन कार्यालयाच्या साहेबांचं पेन निघालेलं दिसतंय. साहेब, परत म्हटल्याशिवाय लिहू नका, हणमंतराव इथूनच रागावतील. हो. नऊशे. हो, दक्षिणेलाच. आभारी आहे.

माझी दहा मिनिटं संपली आहेत. मंडळाने मला बोलू दिलं, अध्यक्षांनी मधे घंटा वाजवली नाही, सावित्रीबाईंनी पाण्याचा पेला दोनदा पुढे केला, या सगळ्याबद्दल मी ऋणी आहे. हणमंतराव सरांना उदंड आयुष्य लाभो. मंगल प्रसंगी अमंगल बोलले. लहान तोंडी कमीजास्त झालं असेल तर ते आपण पोटात घालावं. माझ्या नकाशातली चूक मात्र कुणी पोटात घालू नये, एवढी विनंती.

उमरीकर साहेब, यानंतर आपलंच भाषण आहे. माईक आपल्याकडे देते. आधी फक्त आकडा परत म्हणा.

जरा मोठ्याने, साहेब. अप्पाराव शेवटच्या रांगेत आहेत.