कागदाची पाठ

आजच्या माझ्या निरोप समारंभाच्या अध्यक्षस्थानी असलेले आपल्या नकाशा विभागाचे संचालक महोदय. दुसऱ्या शहरातून खास माझ्यासाठी आलेले आणि म्हणूनच परतीच्या गाडीची वेळ पुन्हा पुन्हा पाहणारे निवृत्त उपसंचालक साहेब. व्यासपीठावरचे इतर मान्यवर. खुर्च्या कमी पडल्यामुळे खिडक्यांना टेकून उभे असलेले माझे सहकारी. आणि पहिल्या रांगेत बसलेली, "दहा मिनिटांच्या वर बोलू नका" असं घरूनच बजावून आलेली आमची मंडळी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

माझ्याबद्दल आत्ता इथे जे बोललं गेलं ते ऐकून वाटलं, हा गृहस्थ कोण आहे त्याला एकदा भेटायला हवं. सगळ्यांनी मिळून एकाच गोष्टीचं कौतुक केलं, माझ्या हाताचं. सरळ, स्वच्छ, एकसारखी रेघ. संचालक महोदय म्हणाले, यांनी काढलेला नकाशा आणि छापलेला नकाशा शेजारी ठेवले तर फरक कळत नसे. महोदय, आपण हे प्रेमाने म्हणालात याबद्दल मला शंका नाही. पण त्याच हाताबद्दल मला थोडं वेगळं बोलायचं आहे, आणि त्याला निमित्त हे समोरचं खोकं आहे.

या खोक्यात आपण सर्वांनी दिलेलं फाउंटन पेन आहे. फीत सुटली, टाळ्या वाजल्या, मी चकित झाल्यासारखा चेहरा केला. खरी गोष्ट अशी की ते मीच निवडलेलं आहे. लेखा विभागातल्या बाईंनी मला मागेच जिन्यात गाठलं होतं. म्हणाल्या, "काका, भिंतीवरचं घड्याळ नको असेल तर काय हवं ते आत्ताच सांगा." मी म्हटलं, लवचीक निबचं पेन द्या, लिहिताही येईल आणि चित्रंही काढता येतील. त्यावर त्या म्हणाल्या, "ते कसलं असतं? तुम्हीच आणा, बिल मला द्या." मी आणलं, घरी वापरलं आणि काल धुऊनपुसून परत त्यांच्या ताब्यात दिलं. तेव्हा आत शाई दिसली तर दुकानदाराला दोष देऊ नका.

असं पेन निवडायचं कसं? पुढे कोणाला उपयोग झाला तर होवो. दुकानाच्या मालकीणबाईंनी माझ्यापुढे चार पेनं ठेवली. पहिल्याची निब इतकी मऊ की नुसती टेकवली तरी पसरायची. चित्राला ठीक, पण साधा पत्ता लिहायला घेतला तर अक्षरांची पोटं भरून जायची. दुसऱ्याची लवचिकता नावापुरती. तिसऱ्याची निब छान उघडायची, पण तिच्या खालची जीभ तेवढी शाई पुरवत नव्हती, त्यामुळे जाड रेघ मधोमध फाटून दोन बारीक रेघा उमटायच्या. चौथं बरोबर होतं. हलक्या हाताला बारीक, जरा दाबलं की जाड, आणि दाब काढला की निब लगेच जागेवर. फक्त हे सगळं त्या करून दाखवत होत्या. माझ्या हातात आली की चारही पेनं एकच रेघ काढत होती.

"दाबा की," मालकीणबाई म्हणाल्या.

"दाबतोय."

"कुठे दाबताय? निब उघडलेलीच नाही. मोडणार नाही हो, मोडली तर माझी."

मला दाबता येईना. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. शेवटी त्यांनी माझ्या बोटावर आपलं बोट ठेवून दाबलं, तेव्हा कुठे निब उघडली. मी चौथं पेन घेतलं ते त्यांच्या बोटाच्या भरवशावर.

आता नव्या मंडळींना माहीत नसेल, आमच्या वेळच्या मुख्य आरेखकांना आम्ही त्यांच्या माघारी फुटपट्टी म्हणत असू. नकाशा तयार झाला की ते तो पुढून बघतच नसत. कागद उलटा करायचे आणि पाठीवरून बोट फिरवायचे. रेघेचा वळ बोटाला लागला की कागद फाडून टाकायचे. म्हणायचे, "दाब दिलात की रेघ तुमची झाली. मला ती खात्याची हवी." पाठ गुळगुळीत लागली तर, "कोणी काढलाय कळत नाही," एवढंच. आमच्या खोलीत याहून मोठी शाबासकी नव्हती. आणि त्यांचा आणखी एक नियम होता. घरी चित्रं काढायची नाहीत, हात बिघडतो.

मला चित्रांचा नाद होता. लग्नाला महिनाही झाला नसेल, न्हाऊन केस पुसत बसलेली आमची मंडळी मी टाकाने काढली. ती बघून म्हणाली, "माझ्या नाकावर कसला राग काढलाय? केवढा तो जोर." आणि जी हसत सुटली, ती स्वयंपाक करतानाही हसत होती. दुसऱ्या दिवशी फुटपट्टीसाहेबांच्या बोटाला वळ लागला. "घरी काय करता?" त्यांनी विचारलं. मी सांगून टाकलं. टाक त्याच संध्याकाळी कपाटावर गेला. मी हिला म्हटलं, निवृत्त झालो की तुला नीट काढीन. ती म्हणाली, "तोवर नाक जागेवर असेल ना?"

मग संगणक आले. तिरकी टेबलं गेली, ट्रेसिंगचे कागद गेले, फुटपट्टीसाहेबही गेले. निम्मी नोकरी मी माउस हलवण्यात काढली. त्या सगळ्या वर्षांत माझा हात बिघडला असता तर खात्याचं काय बिघडणार होतं? काहीच नाही. मना करणारा माणूस उरला नव्हता. तरी मी घरी एक चित्र काढलं नाही. का, ते मला सांगता येत नाही.

पेन आणलं, पण हिला दाखवलं नाही. सुट्टीच्या दुपारी मागच्या खोलीत दार लोटून बसायचो. फटीतून ती दिसायची, चष्मा कपाळावर आणि पेपर अगदी डोळ्यांशी. तिला वाटायचं, मी निवृत्तिवेतनाचे कागद भरतोय. आधी दुसऱ्या कागदावर सराव केला. तिथे थोडं दाबायला जमायला लागलं होतं. पण तिचा चेहरा काढायला घेतला की हात आपोआप हलका व्हायचा. कपाळ, भुवई, नाक, मागचा पडदा, पडद्याच्या कड्या, सगळं एकाच जाडीचं. चूक म्हणाल तर एक नाही. नाकही जागेवर. चित्र पुरं झालं तसा मी कागद उलटा केला आणि पाठीवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. आयुष्यात पहिल्यांदा मला तिथे वळ हवा होता.

चित्र तिला नेऊन दिलं. तिने चष्मा खाली ओढला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "छान आहे हो. कोणाकडून काढून घेतलंत?"

मित्रहो, फुटपट्टीसाहेबांची सगळ्यांत मोठी शाबासकी मला माझ्या घरात मिळाली. मी म्हणालो, "ओळखीचा आहे एकजण." तिने त्याला चौकट करून घेतली आणि पुढच्या खोलीत लावलं. आल्यागेल्याला दाखवते, यांनी मोठ्या चित्रकाराकडून काढून घेतलं म्हणून सांगते. परवा जेवताना मला म्हणाली, "तुम्ही काढणार होतात ना? राहू दे आता. तुम्ही काढलं असतंत तर नाकावर राग काढला असता."

पहिल्या रांगेत ज्या बाई मघापासून मान खाली घालून पर्सची चेन उघडताहेत आणि लावताहेत, त्यांना हे इथेच कळतंय. घरी सांगायला मला जमलं नाही. इथे हातात माईक आहे आणि मधे एवढी माणसं आहेत, म्हणून जमलं. ते मीच काढलंय गं. माझ्याकडे आता हाच हात आहे.

असो. पेन उत्तम आहे, त्यात काही खोट नाही. मी त्याने पाकिटांवर पत्ते लिहीन, त्याला दाब लागत नाही. आपण वर्गणी काढलीत, हॉल सजवलात, कौतुकाचे चार शब्द बोललात, संचालक महोदयांनी वेळ दिला, उपसंचालक साहेबांनी गाडीची पर्वा केली नाही, या सगळ्यासाठी मी आपला मनापासून आभारी आहे. दहा मिनिटं केव्हाच उलटून गेली. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर माफ करा, असं शेवटी म्हणायचं असतं. जास्त काही झालं नसणार, ते मला येत नाही. जे कमी पडलं त्याची माफी मागायची आहे, पण ती तुमच्याकडे नाही, पहिल्या रांगेत. आणि ती मागायला आता मला खाली उतरावं लागेल. नमस्कार.