माऊस हलला की

रत्नागिरीतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मी प्रिंटरसाठी थांबले होते. शेजारी उभ्या असलेल्या बाई दुरुस्तीवाल्याशी बोलत होत्या.

"माझा अनिश गेल्यापासून त्याचा कॉम्प्युटर बंद केला नाही रे. नेटवरून कॅन्सर संशोधनाची गणितं येतात, ती तो कॉम्प्युटर सोडवतो. मग काम मंदावलं कसं?"

"काकू, सारखा माऊस कोण हलवतं?"

"मीच. स्क्रीन काळी झाली की हलवते. गणितांवर त्याचं नाव दिसतं."

"माऊस हलला की गणितं भराभर करणारं ग्राफिक्स कार्ड थांबतं, प्रोसेसर एकटाच ओढतो. अनिशनेच तसं लावलंय, घरच्यांना कॉम्प्युटर वापरता यावा म्हणून."

"म्हणजे माझ्यामुळे थांबतं?"

"सेटिंग बदलतो. मग नाही थांबणार."

"नको रे. मी हाक मारली की तोही हातातलं टाकून यायचा."