मसाजानंतर दोन दिवस हळद नको

वैनीसाहेबांनी मला फसवलं. पैशात न्हाई, शब्दात. मला दिलेला शब्द त्यांनी मोडला, त्यापायी त्यांच्या लेकीचं तोंड सुजलं, अन बोट माझ्याकडं दाखवलं. हे तुमच्या पेपरात आधी लिहा ताई, बाकीचं मग सांगते.

मी सुमन. आमचं घर मेंढरामागं फिरणारं, माझं बालपण पालात गेलं. मेंढीची कास दगडासारखी झाली की माय कोमट हातानं चोळायची. मला म्हणायची, आधी हात नुसता ठेव, जित्राबाला हाताची वळख पटू दे, मग चोळ. तीच माझी शाळा. लग्न झालं, मालक ट्रकवर, मी मांजरसुंब्याला धाब्यावर भाकरी थापायला. दिवसाला दोन-अडीचशे भाकरी, हात असे झाले की बस. मग बीडला एका पार्लरमधी झाडू मारायला लागले, झाडता झाडता बघून शिकले, तिथल्या मॅडमशी भांडून शिकले, अन पाटोद्याला स्टँडमागं माझं सोताचं पार्लर टाकलं. अकरा वर्षं झाली. कुणी दिलं न्हाई मला, समदं मी घासाघीस करून मिळवलंय.

आता मसाजाचं सांगते, कावून की समदं त्याच्यावरच हाय. बायका येत्यात अन म्हणत्यात, सुमनबाई, गोरं करा. मी म्हणते, गोरं करायचं असलं तर भिंतीला चुना लावा, माझ्याकडं कावून आलात. मसाजानं गोरं होत न्हाई, जो होतं म्हणतो तो लबाड. मसाजानं रक्त वर येतं, तोंडावर तजेला येतो, डोळ्याखालची सूज उतरती, अन माणूस सैल पडतं. काय सांगू तुमाला, माणसाचं समदं दुखणं तोंडावर साठतं, पण तिथं कुणी हात लावत न्हाई. शाळेतल्या एक मास्तरीण बाई येत्यात, कपाळावर अंगठे फिरवले की पाचव्या मिनिटाला घोरत्यात. पण घासून-चोळून झालं की कातडी कवळी होती, न्हाऊ घातलेल्या लेकरासारखी. म्हणून माझा नेम हाय, मसाजानंतर दोन दिवस हळद न्हाई, लिंबू न्हाई, बेसन न्हाई.

तर वैनीसाहेब. पुढाऱ्याच्या घरच्या, दारात सदा चार गाड्या. मार्गशीर्षात त्यांच्या ऋतुजाचं लग्न होतं, उमापूरला दिली. सोमवारी लेकीला घेऊन आल्या अन म्हणल्या, सुमन, आमचं घर बघून भाव लावलास का गं. मी म्हणले, घर बघून न्हाई वैनीसाहेब, तोंड बघून लावलाय, या तोंडाला मेहनत हाय. तरी म्हणल्या, कमी कर. मी भाव सोडत न्हाई कधी, पण त्या दिवशी सोडला. म्हणले, कमी करते, पण दोन गोष्टी. एक, हळद गुरुवारी हाय ती गुरुवारीच लावायची, त्याच्या आधी लेकीच्या तोंडाला काय लागू द्यायचं न्हाई. दुसरी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांसमोर माझं नाव घ्यायचं, की लेकीचं तोंड सुमननं केलं. त्यांच्या वाड्यावर नाव निघालं तर तालुक्यात निघालं. म्हणल्या, शब्द हाय माझा.

ऋतुजाला निजवलं. हात ठेवला तर जबड्याला दोन्ही अंगानं सुपारीएवढ्या गाठी. पोर दात आवळून जगत होती हो. मी काय इचारलं न्हाई, इचारायचं नसतं. कानापासून हनुवटीपर्यंत हळूहळू सोडवत गेले, तासभर. गाठ सुटली तशी पोरीच्या डोळ्यातून पाणी आलं, म्हणली, काकू, लई दिवसांनी तोंड हलकं झालं. उठली तेव्हा असं रूप होतं की वैनीसाहेब बघतच राहिल्या.

अन त्याच संध्याकाळी हळद लावली. कावून? तर त्यांच्या पक्षाच्या मोठ्या साहेबांना गुरुवारी सभा होती, ते म्हणले आजच येऊन जातो. साहेब येणार म्हणल्यावर हळद पळत पुढं आली. वर फोटोवाला म्हणला, हळद फिक्की दिसतीया, तर तिच्यात लिंबू पिळलं. माझ्या हातानं मऊ केलेल्या कातडीवर लिंबू!

लग्नाच्या दिवशी मी नटवायला गेलते. पोरीचं तोंड लालभडक, सुजलेलं, गालावर पुरळ. मी दह्याच्या पाण्याच्या घड्या ठेवल्या, थंड केलं, कसंबसं झाकलं. ऋतुजाच मला म्हणली, काकू, सोमवारीच हळद लागली, वर लिंबू पिळलं, मी नको म्हणले होते. तेवढ्यात वैनीसाहेब आल्या अन म्हणल्या, ऋतू, गप बस. पोर गप बसली. लग्नाचं घर हाय म्हणून मी पण गप बसले. ती माझी पहिली चूक.

संक्रांतीला बोलावणं आलं. मी ठेवणीतलं लुगडं नेसून गेले, दुकान बंद ठेवून. माझं नाव निघणार होतं ना! ऋतुजा पहिल्या संक्रांतीला माहेरी आलेली, काळी साडी, अंगावर हलव्याचे दागिने. गालावरचे डाग अजून दिसत होते. एक बाई म्हणली, अगं, हे काय झालं. अन वैनीसाहेबांनी माझं नाव घेतलं. भर बायकांत. म्हणल्या, ही बघा सुमन, हिच्या हाताचं काम हाय हे, मेंढ्या चोळणारीच्या हाती लेक दिली, चूक माझीच. बायका हसल्या.

बघा, शब्द पाळला म्हणायचा!

मी तिथंच बोलायला पायजे होतं. पण माझा राग असा वाईट हाय, डोक्यात गेला की जीभ आखडती. वाणाची डबी होती तिथं आपटली अन निघून आले. बायकांनी काय अर्थ काढला? हिच्या मनात खोट हाय म्हणून पळाली. तवापासून माघातल्या नवरीचं एक काम आलं न्हाई. मास्तरीण बाई तेवढ्या येत्यात.

मेंढ्या चोळणारी मी हायेच, त्याची मला लाज न्हाई. मेंढी खोटं बोलत न्हाई.

पण निघताना मी ऋतुजाकडं बघितलं होतं. तिचा जबडा परत आवळलेला होता, त्याच जागी, त्याच दोन गाठी. मला लांबून दिसल्या. तिला समदं ठावं हाय, तिला अन तिच्या आईला.

हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, अजून आठ दिवस हायेत. वैनीसाहेब, त्याच बायका बोलवा, त्याच बैठकीत बसा, अन सांगा की हळद कुणी अलीकडं आणली, लिंबू कुणाच्या घरचं होतं. तुमी सांगणार नसाल तर ऋतुजा, तू सांग. तुझा जबडा मी सोडवून दिलता. आता तोंड तू उघड.