मांडीखालचे हात

नाही हो, हात मांडीखालीच राहू द्या माझे. चहा थंड होतोय, होऊ दे, नान हा शेजारचा मेलिस भरवेल मला आणि नाही भरवलं तर उपाशी बसेन, पण या दोन हातांवर आता माझा काडीचा विश्वास उरलेला नाही. हसा, हसा. तुम्ही ओशची माणसं, घरून रमतगमत या चहाच्या बाजेवर येऊन बसलात. मी बिश्केकहून आलोय. सायकलवरून. दोन घाट ओलांडून, या वयात, या पोटानिशी… आणि का? तर मी फासळी चोखत होतो म्हणून.

तुम्हाला सांगतो, मी चष्म्याच्या दुकानात बसणारा माणूस. स्टुलावर. खालची ओळ वाचा, आता वरची वाचा, एवढीच माझी धावपळ. मला उंचीची भीती वाटते, उताराची त्याहून जास्त वाटते, आणि कुत्र्याची तर इतकी की शेजारच्यांचं पिल्लू फाटकात बसलेलं असलं की मी मागच्या खिडकीतून घरात शिरतो. आता असला माणूस सायकल घेऊन डोंगरात काय करत होता? विचारा ना.

सासऱ्यांकडे जेवण होतं. मेव्हण्याचं पोर पाळण्यात घातलं त्याचं. हा मेलिस आणि तो तिकडं सायकली पुसत बसलाय तो तालांत, हे दोघं माझे शाळेपासूनचे मित्र, म्हणजे मी तसं समजत होतो. यांना तेव्हा सायकलनं ओशला जायचं खूळ लागलं होतं. सासऱ्यांना त्याचं कौतुक. आणि मी? मान खाली, हातात फासळी, कान बंद. आता तुम्हाला काय सांगायचं, खाणं झालं की घरातला मोठा माणूस तळवे वर करतो, आशीर्वाद म्हणतो, आपण ओमीन म्हणायचं, तोंडावरून हात फिरवायचा आणि उठायचं. आपण कधी ऐकतो का हो त्यात काय म्हणतात ते? खरं सांगा. सासऱ्यांचे तळवे वर गेले, माझेही गेले, तोंडात घास, मन गाडीच्या किल्लीत, आणि मी आपला सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्यांदा, ओमीन. फिरवला हात. डोळे उघडतो तर अख्खी पंगत माझ्याकडे बघतेय. सासूबाई रुमाल लावतायत डोळ्यांना.

"शाब्बास जावईबापू," सासरे म्हणाले. "मला वाटलं होतं तुम्ही कच खाल."

मी म्हटलं, "कशात?"

"अहो, तिघं सायकलनं सुखरूप ओशला पोचोत, असं म्हटलं ना मी आत्ता. तुमचं नाव पहिलं घेतलं."

जेवणाचा नव्हताच तो आशीर्वाद! प्रवासाचा होता. जेवणाचा अजून व्हायचा होता, शोरबा आल्यावर. घरी येऊन बायकोचे पाय धरायचे बाकी ठेवले मी. म्हटलं, बेगिमाय, मी ऐकलंच नव्हतं गं. तर ती काय म्हणते? "तोंडावरून हात फिरवलात ना? मग संपलं. आता नाही गेलात तर बाबांचा आशीर्वाद लटकत राहील. आणि तो पडला तर कुणावर पडेल? ज्याच्या पाळण्याचं जेवलात त्या लेकरावर." दीड वितीचं ते पोर, माझं बोट धरून झोपलं होतं. आशीर्वाद खरंच पडतो की नाही मला माहीत नाही, पण पडला तर? मी चष्मेवाला आहे, मुल्ला नाही, मी कशाला जोखीम घेऊ? एकच दिलासा होता. आशीर्वाद ओशपर्यंतचा. येताना टॅक्सी. पुढची सीट, काचा बंद. त्या पुढच्या सीटचं चित्र डोळ्यांपुढे ठेवून निघालो.

पहिला घाट चढताना मेलिस सारखा सांगतोय, "खाली बघू नकोस रे." खाली कोण बघतंय, मी तर समोरही बघत नव्हतो, मी तालांतच्या मागच्या चाकाशी डोळे लावून कलमा म्हणत होतो. वर बोगदा. आत धूर आणि काळोख, म्हणून आम्हाला सायकलींसकट मेंढ्यांच्या ट्रकमध्ये चढवलं. एका मेंढीनं माझ्या खांद्यावर मान टाकली ती बोगदा संपेपर्यंत काढली नाही. तुम्हाला सांगतो, मला बरं वाटलं. त्या सबंध प्रवासात माझ्याइतकं घाबरलेलं तेवढं एकच जनावर भेटलं.

आणि मग उतार. तुम्ही कधी उतरलाय का तो? एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. ब्रेक दाबून दाबून बोटं मुडपली ती सरळ होईनात, रबर जळल्याचा वास, मागून भोंगा वाजवत ट्रक… मी ओरडलो, "मी उतरतो, मी चालत येतो!" तालांत पुढून ओरडतो, "चालत कधी पोचणार रे, सायकलनं म्हणालेत सासरे!" बरोबर. सायकलनं. हात फिरवला होता ना मी तोंडावरून!

खाली सुसामिरचं कुरण लागलं, म्हटलं वाचलो. कुठला वाचतो. कुत्रा! कुत्रा म्हणजे काय, कान कापलेलं वासरूच ते, तंबूकडून सरळ माझ्यावर. तिघांत माझ्यावरच. मेलिस म्हणतो, "सायकलवरून उतर, खाली वाक, दगड उचलल्यासारखं कर." वाकलो. वाकलो तो वाकलेलाच राहिलो, कंबर धरली. दगड म्हणून हाताला लागलं ते घोड्याचं शेण. कुत्रा माझ्या तोंडासमोर तोंड आणून उभा, त्याचा श्वास माझ्या चष्म्यावर, आणि मी मनात त्या पोराला सांगतोय, बाळा, तुझ्या मामानं… आत्याच्या नवऱ्यानं प्रयत्न केला रे.

तेवढ्यात तंबूतून एक अक्सकाल आले, पांढऱ्या दाढीचे आजोबा. "काही करत नाही तो. खूप दिवसांनी माणूस दिसलंय त्याला." आत नेलं, घोडीच्या दुधाचं आंबट किमिज पाजलं, नान मोडला. म्हातारा एकटा. मुलगा मॉस्कोला बर्फ उपसतो, बायको वारली. म्हणाले, "इथं सगळे थांबतात. पितात, म्हणतात, अक्सकाल, परत येताना नक्की येतो. आणि परत येताना गाडीत असतात. काच वर असते. हात करतात. मीही करतो."

मला पुढची सीट दिसली हो. काच वर केलेली.

म्हणून मी आधीच सांगून टाकलं, आम्ही येताना टॅक्सीनं येणार. म्हातारा म्हणाला, "बरं." आणि तळवे वर केले. या वेळी माझ्या तोंडात घास नव्हता. या वेळी मी शब्द न् शब्द ऐकला. "ज्या चाकांवर गेलात त्याच चाकांवर परत या, माझ्या दारात उतरा." आणि डोळे मिटून बसला, आमचे हात फिरायची वाट बघत. मेलिस माझ्याकडे बघतोय, तालांत माझ्याकडे बघतोय, बाहेर तो कुत्रा बघतोय. मी हातांना बजावलं, बाबांनो, जाऊ नका, घाट आठवा, ब्रेक आठवा… गेले. माझेच पहिले गेले.

उद्या निघायचंय. दोन्ही घाट उलटे, आणि कुत्रा तिथंच बसलाय. रात्री मी झोपेत ब्रेक दाबतो, हा मेलिस शेजारी झोपतो, त्याचा काळानिळा दंड बघा. मला घरी जायचंय हो, मला माझं स्टूल पाहिजे. म्हणून हे हात मांडीखाली. आता कुणीही, काहीही…

अहो, तुम्ही ओशचे अक्सकाल, तिकडे कोपऱ्यात… तळवे कशाला वर करताय? चहाचा? फक्त चहाचा ना? नक्की? मेलिस, नीट ऐक, मध्ये काही घुसडत तर नाहीत… हां, चहाचा, बरकतीचा, ठीक आहे, आता चहाला नाही म्हणायचं म्हणजे… घ्या, काढले हात. ओमीन.

काय? मेलिस, हसतोस काय? शेवटी काय म्हणाले ते?

'पुढल्या उन्हाळ्यातही तिघं असेच येवोत.'

तालांत… माझी पण पूस रे सायकल. नीट पूस. टिकायला हवी.