पळालेला कोयता

दुपारी चारची वेळ, अंबाजोगाईतली रंगवलेल्या भिंतींची नवी गल्ली. दिवसभर चित्रांची दुकानं बघत, खात-पीत फिरून मी आणि घाटनांदूरचा भागवत एका कॅफेत चहाला टेकलो. भिंतीवर, शोभेसाठी म्हणे, कोयता टांगलेला. मुठीला हिरवी चिंधी.

भागवत ताडकन उठला. "ही चिंधी म्या गुंडाळलीय. माज्या बहिणीचा कोयता हाय. कुठून आणला बे?"

मालकानं घाबरून एका ऊसतोड मुकादमाचं नाव सांगितलं. भागवतची बहीण-मेहुणे त्याच्याच टोळीत होते.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाही कोयताच म्हणतात. दोघं बेपत्ता झाले, तेव्हा हाच मुकादम ठाण्यात म्हणाला होता, "कोयता पळाला साहेब, सगळं सामान घेऊन."

भागवतनं भिंतीवरचा कोयता ठाण्यात नेऊन ठेवला. मुकादमाला अजून कुणी बोलावलेलं नाही.