घरात हत्यार हाय

माजं माहेर रेवस बाजूला, खाडीकाठी, बाप खलाशी, आजा खलाशी, आनि नवराबी खलाशीच पदरात पडला, काय सांगू तुमाला, बारा-बारा दिवस मानूस पान्यावर, म्हनून मी पोरीला घेऊन इकडं कर्जतला आले, भाड्याची खोली घेतली आनि बाजारात मासळी घेऊन बसले. लोक म्हनतात हिचा आवाज मोठा. अवो, वाऱ्यात होडीवरच्या मानसाला हाक मारायची तर काय कुजबुजायचं?

तर तुमी इचारली ती फॉर्मची गोष्ट, लिवून घ्या. दर्शना माजी तवा नववीला. शाळेत कोनी शिकलेल्या बाई आल्या, किनाऱ्याकडनं आलेल्या पोरांची चौकशी करायला, घरात काय चालतं, पोरं कशानं बिघडतात. फॉर्मवर शब्द काय, तर समाजविघातक. मला तर बोलताबी येईना. वडील रात्री घरी असतात का, पोरीनं लिवलं, ‘नाय’. घरात मोठ्यानं बोलतात का, होय. घरात धारदार हत्यार हाय का, होय, कोयता, मासळी कापायला रोज लागतो. खरं बोलायला मीच शिकवलेली ना! झालं, पोरीचं नाव गेलं लक्ष ठेवायच्या यादीत, आनि कोंडान्याची लेनी बघायला सहल जायची व्हती, तिच्यातनं कापलं. घरी येऊन रडली नाय, नुसती म्हनली, आई, कोयता लपवायला पायजे व्हता का गं?

माजं डोस्कंच फिरलं. मासळीची पाटी डोक्यावर तशीच, गेले शाळेत. हेडबाई दर बुधवारी माज्याकडनंच बोंबील नेतात, त्याच कोयत्यानं साफ करून. म्हनलं, बाई, साहेब तुमचे रसायनीला रातपाळी करतात, ते रात्री घरी असतात का? सैपाकघरात सुरी हाय का? आनि तुमचा आवाज तर पार रस्त्यापर्यंत येतो. मंग तुमचं नाव कुठल्या यादीत? बाई म्हनाल्या, अगं, हळू बोल. म्हनलं, नाय बोलनार. शिपाई हसला, मंग बाईबी हसल्या, पन मी नाय हसले. सहलीत पोरीचं नाव परत लिवीपर्यंत पाटी खाली उतरवली नाय.

पोर लेनी बघून आली. आता बारावीला हाय, मास्तरीन व्हायचं म्हनते. म्हनलं, हो गं, पन फॉर्म भरून घ्यायच्या आधी पोराच्या घरी जाऊन जेव.

बाई अजून बोंबील नेतात, मीबी चांगले निवडून देते, राग मासळीवर कशाला काढायचा. तुमचंबी भलं होवो. पन लिवताना कोयता गाळू नका. लिवा, घरात हत्यार हाय, आनि त्याच्यावरच पोर शिकली.